प्रश्नमंजुषेचं बटण दाबलं तरी काहीच होत नाही, किंवा गुण चुकतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट नुकतंच शिकून प्रश्नमंजुषेचं पान करायला घेतलं की अडचणी फिरून फिरून त्याच येतात. इथे पान अगदी साधं धरलं आहे: एका वेळी एक प्रश्न, चार गोल पर्याय, 'तपासा' आणि 'पुढे' अशी दोन बटणं, खाली गुण. फायली तीन: इंडेक्स, स्टाइल आणि स्क्रिप्ट. कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत, ते टाइप मात्र इंग्रजीतच करायचे. अपवाद व्हेरिएबलच्या नावांचा. 'गुण', 'निवड', 'बरोबर' अशी देवनागरी नावं जावास्क्रिप्टला खरोखरच चालतात.

आधी लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते ओळखा. एकापेक्षा जास्त असतील तर यादीत जे वर आहे ते आधी सोडवा.

- बटण दाबलं की काहीच होत नाही. पानावर एररही दिसत नाही.
- बटण दाबताच पान क्षणभर कोरं होतं आणि पुन्हा पहिला प्रश्न समोर येतो.
- मराठी मजकुराऐवजी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात, किंवा नुसती प्रश्नचिन्हं.
- एकाच प्रश्नाचे चारही पर्याय एकाच वेळी निवडता येतात.
- गुण कायम शून्य, किंवा काहीही निवडलं तरी पैकीच्या पैकी.
- गुण ०१, ०११, ०१११ असे लांबत जातात.
- पहिल्या प्रश्नाला एक गुण मिळतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.
- शेवटच्या प्रश्नानंतर 'अनडिफाइन्ड' असा शब्द उमटतो.
- टाइप केलेलं उत्तर डोळ्यांना तंतोतंत बरोबर दिसतं, तरी पान 'चूक' म्हणतं.
- आपल्या लॅपटॉपवर चालतं, गिटहब पेजेसवर (पान इंटरनेटवर ठेवायची सोय) चढवलं की बंद.

बटण दाबल्यापासून गुण वाढेपर्यंत चार गोष्टी घडाव्या लागतात. स्क्रिप्टची फाइल चालली पाहिजे, क्लिक फंक्शनपर्यंत पोचलं पाहिजे, निवडलेला पर्याय वाचला गेला पाहिजे आणि तुलना बरोबर झाली पाहिजे. नवशिके जवळजवळ नेहमी चौथ्या टप्प्यावर, म्हणजे इफच्या ओळीवर, तासन्‌तास घालवतात आणि बिघाड निघतो पहिल्या नाहीतर दुसऱ्या टप्प्यावर. म्हणून नेमकं कुठे अडतंय ते कळेपर्यंत कोडमध्ये एकही बदल करू नका. अंदाजाने केलेल्या बदलांनी मूळ चुकीत आणखी दोन चुका मिसळतात, आणि मग शोधणं खरोखरच अवघड होतं.

अर्ध्या मिनिटाच्या तपासण्या

फाइल सेव्ह झाली आहे का? व्हीएस कोड या एडिटरमध्ये फाइलच्या टॅबवर फुलीऐवजी गोल ठिपका दिसत असेल तर ती सेव्ह झालेली नाही. तिन्ही टॅब बघा. फाइल मेनूत 'ऑटो सेव्ह' चालू करून टाका, हा प्रश्न कायमचा मिटतो.

ब्राउझर जुनीच फाइल दाखवत नाही ना? कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून पान नव्याने मागवा. ब्राउझर स्क्रिप्ट साठवून ठेवतो. तुम्ही दुरुस्त केलेली ओळ त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते आणि तुम्ही ती बरोबर असूनही पुन्हा बदलत बसता.

फाइलचं नाव खरंच तेच आहे का? विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवतं. नोटपॅडमध्ये केलेली फाइल 'स्क्रिप्ट डॉट जेएस' दिसते, पण असते 'स्क्रिप्ट डॉट जेएस डॉट टीएक्सटी'. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'वर खूण करा आणि बघा. रोमन लिपीतल्या लहान-मोठ्या अक्षरांकडेही लक्ष द्या. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल आणि एचटीएमएलमध्ये स्मॉल असेल तर विंडोज ते खपवून घेतं, गिटहब पेजेस घेत नाही. यादीतलं शेवटचं लक्षण बहुतेक वेळा इथेच सुटतं. फायलींची नावं सरसकट स्मॉल अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवा.

मराठी अक्षरं बिघडली असतील तर एचटीएमएलच्या हेडमध्ये, टायटलच्याही आधी, यूटीएफ-८ सांगणारा मेटा कॅरसेट टॅग हवा. तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये असावा असा नियमच आहे. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर प्रकरण वेगळं आहे. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग 'एएनएसआय' निवडलं गेलं आणि मजकूर तिथेच पुसला गेला. तो परत येत नाही. एन्कोडिंग यूटीएफ-८ करून प्रश्न पुन्हा टाइप करावे लागतात.

कन्सोल उघडा

क्रोममध्ये एफ१२ दाबा आणि कन्सोलचा टॅब निवडा. ब्राउझर एरर इथेच लिहितो. पान गप्प असतं, कन्सोल गप्प नसतो. लाल ओळींपैकी सगळ्यात वरची आधी वाचा, कारण खालच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. उजवीकडे फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, त्यावर क्लिक केलं की थेट ती ओळ उघडते.

एकही लाल ओळ नसेल तर स्क्रिप्ट फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत कन्सोल डॉट लॉग करून 'फाइल चालली' असं छापा. हे शब्द कन्सोलमध्ये आले नाहीत तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही. बहुधा स्क्रिप्ट टॅगच राहून गेला आहे, किंवा त्यातला पत्ता दुसऱ्याच फाइलचा आहे.

तीन एरर इतक्या वेळा येतात की त्या पाठच असलेल्या बऱ्या.

'इनव्हॅलिड ऑर अनएक्स्पेक्टेड टोकन': कोडमध्ये परकं चिन्ह शिरलं आहे. वर्ड किंवा एखाद्या मेसेजमधून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि जावास्क्रिप्टला ती ओळखू येत नाहीत. मराठी कळफलक चालू राहून कोडमध्ये 1 ऐवजी '१' पडला तरी हीच एरर येते. व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, पण कोडमधला आकडा इंग्रजीच लागतो. अवतरणचिन्हांच्या आत मात्र काहीही चालतं.

'अमुक इज नॉट डिफाइन्ड': नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे, किंवा व्हेरिएबल एका फंक्शनच्या आत तयार केलं आणि दुसऱ्यात मागितलं.

'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल': ज्या घटकाला शोधलं तो सापडलाच नाही. एकतर आयडीचं स्पेलिंग जुळत नाही, नाहीतर स्क्रिप्ट फार लवकर चालली. ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. स्क्रिप्ट हेडमध्ये असेल तर ती चालते त्या क्षणी खालचं बटण अस्तित्वातच नसतं. स्क्रिप्ट टॅगला 'डिफर' हा शब्द जोडा, म्हणजे पूर्ण पान वाचून झाल्यावर ती चालेल. डिफर फक्त वेगळ्या फाइलमधल्या स्क्रिप्टला लागू होतो. कोड एचटीएमएलमध्येच लिहिला असेल तर तो बॉडी संपण्याच्या जरा आधी हलवा. क्वेरी सिलेक्टर वापरत असाल तर आयडीच्या आधी # आहे का तेही बघा. गेट एलिमेंट बाय आयडीला मात्र # द्यायचा नसतो. या दोघांची अदलाबदल होणं नेहमीचंच आहे.

क्लिक पोचतंय का

'तपासा'च्या फंक्शनमध्ये पहिल्याच ओळीवर 'क्लिक आलं' असं कन्सोलमध्ये छापा आणि बटण दाबा.

पान उघडताच, बटणाला हात न लावता, हे शब्द आले आणि नंतर कितीही दाबलं तरी आले नाहीत, तर ॲड इव्हेंट लिसनरला फंक्शनचं नाव देताना तुम्ही पुढे कंस लावले आहेत. `तपासणी()` लिहिलं की फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि लिसनरच्या हाती रिकामी किंमत पडते. `तपासणी` एवढंच लिहा. या चुकीची एरर येत नाही म्हणून ती लवकर सापडत नाही.

शब्द क्षणभर चमकून नाहीसे झाले आणि पत्त्याच्या पट्टीत शेवटी '?' आला, तर बटण फॉर्मच्या आत आहे. फॉर्ममधल्या बटणाचा प्रकार वेगळा सांगितला नाही तर ते 'सबमिट' असतं. दाबलं की फॉर्म पाठवला जातो, पान नव्याने उघडतं आणि गुण, प्रश्न सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बटणाला टाइप म्हणून 'बटन' लिहिलं की काम होतं. त्याहून चांगलं म्हणजे फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर लिसनर लावून त्यात प्रिव्हेंट डीफॉल्ट करणं, म्हणजे फॉर्म पाठवणं अडवणं, कारण मग एंटर दाबणाऱ्यालाही तोच परिणाम मिळतो.

निवडलेला पर्याय वाचला जातोय का

एका प्रश्नाच्या चारही रेडिओ बटणांचा 'नेम' एकच हवा. ब्राउझर त्यावरूनच ठरवतो की यातला एकच निवडता येईल. नेम वेगवेगळे असतील किंवा नसतीलच तर चारही निवडता येतात. आयडी मात्र प्रत्येकाचा वेगळा, आणि लेबलचा 'फॉर' त्या आयडीशी जुळणारा. मोबाइलवर लोक बारक्या गोलावर नाही, शब्दांवर बोट ठेवतात. फॉर जुळत नसेल तर पर्याय निवडलाच जात नाही आणि दोष स्क्रिप्टला दिला जातो.

प्रत्येक रेडिओला 'व्हॅल्यू' दिली आहे ना? दिली नसेल तर ब्राउझर तिथे 'ऑन' हा शब्द धरतो. चारही पर्यायांची किंमत 'ऑन', मग उत्तर कशाशीच जुळत नाही आणि गुण शून्यावर राहतात. कन्सोलमध्ये `निवड` छापून बघा, लगेच उघड होईल.

काहीच न निवडता 'तपासा' दाबलं तर 'चेक्ड' शोधणारी ओळ नल देते आणि पुढे एरर येते. किंमत वाचण्याआधी नल आहे का ते बघा आणि 'आधी पर्याय निवडा' असं सांगून फंक्शनमधून परत फिरा.

तुलना आणि गुण

इथवर सगळं ठीक असेल तरच इफच्या ओळीकडे वळा.

`निवड = बरोबर` ही तुलना नाही, हे उत्तर कोंबणं आहे. एक बरोबरीचं चिन्ह डावीकडच्या व्हेरिएबलमध्ये उजवीकडची किंमत भरतं, आणि ती किंमत रिकामी किंवा शून्य नसेल तर इफ खरा ठरतो. म्हणून काहीही निवडलं तरी गुण मिळतो. गंमत अशी की ज्या प्रश्नाच्या बरोबर पर्यायाचा क्रमांक 0 आहे तो मात्र कायम चूक ठरतो. दहातले आठ प्रश्न नेहमी बरोबर आणि दोन नेहमी चूक असं दिसलं तर हीच शंका घ्या. `निवड === बरोबर` असं लिहा. निवड 'लेट'ऐवजी 'कॉन्स्ट'ने जाहीर केली असती तर ब्राउझरनेच एरर दिली असती. जे बदलायचं नाही त्याला कॉन्स्ट लावण्याचा हा मोठा फायदा आहे.

तीन चिन्हं लिहूनही गुण शून्य? पानावरून वाचलेली प्रत्येक किंमत मजकूर असते. "2" हा मजकूर आणि 2 हा आकडा यांना === वेगळं मानतं. वाचताना `निवड` मजकुराचा आकडा करणाऱ्या नंबर फंक्शनमधून काढा. गुण ०११ असे लांबतात त्याचंही कारण हेच. गुण पानावरच्या मजकुरातून परत वाचले किंवा सुरुवातीला "0" असे अवतरणांत ठेवले, तर + बेरीज करत नाही, अक्षरं जोडतं. गुण एका व्हेरिएबलमध्ये आकडा म्हणून ठेवा आणि पानावर फक्त दाखवा, तिथून वाचू नका.

गुण एकच्या वर जात नसतील तर `गुण` हे व्हेरिएबल तपासणीच्या फंक्शनच्या आत जाहीर केलं आहे. प्रत्येक क्लिकला ते नव्याने शून्य होतं. बाहेर काढा.

पर्याय मोजताना 0 पासून सुरुवात होते हे प्रश्न लिहिणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. दुसरा पर्याय बरोबर असेल तर क्रमांक 1. पर्यायांचा क्रम प्रत्येक वेळी बदलायचा असेल तर क्रमांक ठेवूच नका, बरोबर पर्यायाचा मजकूर ठेवा. नाहीतर पर्याय हलतात आणि क्रमांक जागेवर राहतो.

मराठीत टाइप केलेली उत्तरं

हा भाग इंग्रजी धड्यांत सापडत नाही आणि मराठी प्रश्नमंजुषेत हमखास छळतो, म्हणून जरा सविस्तर.

प्रश्न घ्या: कृष्णा आणि कोयना यांचा प्रीतिसंगम कोणत्या गावी आहे? उत्तर 'कऱ्हाड'. दोन जणांनी हेच टाइप केलं, पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब, पण एकाला गुण मिळतो आणि दुसऱ्याला नाही. दोन्ही उत्तरांची 'लेंग्थ' कन्सोलमध्ये छापा. एक 6 येते, दुसरी 7. एका कळफलकाने 'ऱ' हे एकच अक्षर दिलं, ज्याचा युनिकोड क्रमांक ०९३१ आहे. दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह दिलं. तिसरीही शक्यता असते, र खाली नुक्ता. तिची लांबीही 7 च.

तुलनेआधी दोन्ही बाजूंना 'नॉर्मलाइझ' लावलं की नुक्त्याचा प्रकार सुधारतो. जोडचिन्हाचा सुधारत नाही. तो स्वतः बदलावा लागतो: र, हलन्त आणि जोडचिन्ह (क्रमांक २००डी) असं त्रिकूट दिसलं की त्याजागी ऱ आणि हलन्त ठेवायचे. 'ॲ'चंही असंच आहे. तो ०९७२ क्रमांकाचं एक अक्षर म्हणून येतो किंवा अ अधिक अर्धचंद्र असा येतो, आणि नॉर्मलाइझ या दोघांना एक करत नाही. 'ॲल्युमिनियम' हे उत्तर असेल तर ही बदली लिहिणं भागच आहे.

शिवाय गावाचं नाव 'कराड' असंही सर्रास लिहितात. ते चूक ठरवणं अन्यायाचं आहे. बरोबर उत्तर एकच शब्द न ठेवता मान्य उत्तरांचा ॲरे (यादी) ठेवा आणि 'इन्क्लूड्स'ने बघा. मागेपुढे सुटलेली जागा 'ट्रिम'ने काढा. मोबाइलचा कळफलक शब्द सुचवतो तेव्हा पुढे एक जागा आपोआप टाकतो, ती दिसत नाही.

आकडे: महाराष्ट्र राज्य कोणत्या साली स्थापन झालं? कोणी 1960 लिहील, कोणी १९६०. नंबर फंक्शनला देवनागरी आकडे कळत नाहीत, ते 'नॅन' (म्हणजे 'आकडा नाही') देतं, आणि नॅन कशाशीच जुळत नाही, स्वतःशीसुद्धा नाही. उत्तरातला प्रत्येक देवनागरी आकडा "०१२३४५६७८९" या मजकुरात कितव्या जागी आहे ते बघून त्याजागी तो क्रमांक ठेवा, मग तुलना करा. इनपुटचा प्रकार 'टेक्स्ट'च ठेवा. 'नंबर' प्रकारात आकडा ओळखता आला नाही तर हाती रिकामी किंमत येते आणि वापरणाऱ्याने काय लिहिलं होतं तेही कळत नाही.

पहिलंच पान असेल तर टाइप करायचे प्रश्न टाळून पर्यायांचेच ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वरचं सगळं नंतर शिकता येतं.

दोनदा मोजणी, आणि शेवटचा प्रश्न

गुण एक, दोन, तीन असे वाढत्या क्रमाने मिळत असतील तर ॲड इव्हेंट लिसनर प्रश्न दाखवणाऱ्या फंक्शनच्या आत आहे. प्रत्येक नव्या प्रश्नाला त्याच बटणावर आणखी एक लिसनर चढतो. नाव असलेलं तेच फंक्शन पुन्हा दिलं तर ब्राउझर दुसऱ्यांदा नोंदवत नाही, पण जागेवर लिहिलेलं बाण-फंक्शन दर वेळी नवं धरलं जातं. लिसनर एकदाच, फाइलच्या तळाशी लावा. वेळ मोजणारा सेट इंटर्व्हल असेल तर पुढचा प्रश्न दाखवण्याआधी क्लिअर इंटर्व्हल करा, नाहीतर घड्याळ प्रश्नागणिक जास्त वेगाने पळतं.

बरोबर उत्तरावर कोणी 'तपासा' पाच वेळा दाबलं तर पाच गुण मिळतात. पहिल्या क्लिकनंतर बटण 'डिसेबल' करा, 'पुढे'वर पुन्हा चालू करा.

शेवटी 'अनडिफाइन्ड' येतं ते तुलनेत < ऐवजी <= वापरल्यामुळे. दहा प्रश्नांत शेवटचा क्रमांक 9 असतो.

एचटीएमएलवरच प्रश्नमंजुषा असेल आणि टॅगचं नाव असलेला पर्याय पानावर कोरा दिसत असेल, तर मजकूर इनर एचटीएमएलने भरला आहे. ब्राउझर त्याला खरा टॅग समजतो. टेक्स्ट कन्टेन्ट वापरा.

प्रश्न वेगळ्या फाइलमध्ये असतील तर

प्रश्न जेसन फाइलमध्ये (नुसता डेटा ठेवायची फाइल) ठेवून स्क्रिप्टमधून फेचने मागवले आणि पान डबल क्लिक करून उघडलं, तर कन्सोलमध्ये 'कॉर्स'ची एरर येते. संगणकावरून थेट उघडलेल्या पानाला शेजारची फाइल अशी वाचायची परवानगी ब्राउझर देत नाही. व्हीएस कोडमध्ये 'लाइव्ह सर्व्हर' हे फुकट एक्सटेन्शन टाका आणि पान त्यातून उघडा. पायथन असेल तर फोल्डरमध्ये त्याचा एचटीटीपी सर्व्हर सुरू करा, पान ८००० पोर्टवर मिळेल. वीस-तीस प्रश्नांसाठी मात्र ही उठाठेव नको. ते स्क्रिप्टमध्येच ॲरेत ठेवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

वरच्या कुठल्याही बिघाडासाठी पैसे मोजायची गरज नाही. पुढच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

बक्षीस, प्रवेश किंवा परीक्षेचे गुण या पानावर ठरणार असतील तर थांबा. बरोबर उत्तरं स्क्रिप्ट फाइलमध्ये असतात आणि एफ१२ दाबणाऱ्या कुणालाही ती वाचता येतात, गुणही बदलता येतात. उत्तरं लपवण्याची कोणतीही युक्ती ब्राउझरमध्ये टिकत नाही. तपासणी सर्व्हरवर करावी लागते आणि ते नवशिक्याचं काम नाही.

मुलांची नावं, मोबाइल क्रमांक, शाळा अशी माहिती गोळा करायची असेल तरी थांबा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. फी घ्यायची असेल तरी थांबा. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआयची (दुसऱ्याची सेवा कोडमधून वापरायची सोय) गुप्त किल्ली स्क्रिप्टमध्ये लिहायची वेळ आली तर ती ओळ लिहूच नका. लिहून पान चढवलं असेल तर नुसती पुसून भागत नाही, किल्ली रद्द करून नवी घ्यावी लागते, कारण गिटहबच्या इतिहासात जुनी तशीच राहते.

लाल ओळ तुमच्या फाइलकडे नव्हे, तर दुसऱ्याच्या सर्व्हरकडून आलेल्या ५०० क्रमांकाच्या एररकडे बोट दाखवत असेल, तर तुमच्या कोडमध्ये शोधण्यासारखं काही नाही. तो सर्व्हर चालवणाऱ्याला कळवा.

मदत मागताना 'चालत नाही' एवढंच सांगू नका. एररचा पूर्ण मजकूर, फाइल आणि ओळ क्रमांक, ब्राउझरचं नाव, चारपैकी कोणत्या टप्प्यापर्यंत छापलेले शब्द दिसले ते, आणि एकच प्रश्न ठेवून लहान केलेली प्रत द्या. फोनने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, कोडचा मजकूरच द्या, म्हणजे समोरच्याला तो चालवून बघता येतो.